समुद्र जागेवर नव्हता

सोलापूर, साहेबांची गच्ची

कच्छच्या ओसाड किनाऱ्यावर तीन दिवस तंबू ठोकून राहायचं आणि समुद्रात कयाक वल्हवायची, ही कल्पना कंबर तलावाच्या काठी जन्माला आली. तलावात तेव्हा जलपर्णी होती, आणि काठानं माझा नवरा मिलिंद आणि बिराजदार साहेब सकाळचं चालत होते. साहेब म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता. मी त्याच खात्यात वरिष्ठ लिपिक. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. ते निवृत्त झाले त्या संध्याकाळी मी घरी शिरा केला होता.

मिलिंद हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतो. समोरचा माणूस ठामपणे बोलायला लागला की त्याला हो म्हणायची सवय आहे. घरी आल्यावर तो बूट काढता काढता म्हणाला, "आपण जानेवारीत समुद्रावर जातोय. साहेब आणि वहिनी पण आहेत."

"मला विचारलंस?"

"अगं, एका कयाकमध्ये दोघं बसतात. तू नाही म्हणालीस तर वहिनीही येणार नाहीत, मी आणि साहेब दोघंच उरणार."

त्याचा चेहरा बघून मला दया आली. तिथंच माझं चुकलं.

कयाक म्हणजे लांबट, निमुळती, प्लास्टिकची होडी. एकामागे एक दोन माणसं पाय लांब करून बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावी-उजवीकडे मारतात. हे इतकंच आहे. पण साहेबांनी त्यावर तेवीस पानांचा आराखडा केला. प्रस्तावना, व्याप्ती, जबाबदारीचं वाटप, आकस्मिक प्रसंग. आकस्मिक प्रसंगांत विंचू, ऊन लागणं आणि जुलाब होते. विजापूर रोडवरच्या त्यांच्या बंगल्याच्या गच्चीवर सात बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत दुसऱ्या बैठकीची तारीख ठरली. सहाव्या बैठकीत आम्ही चौघं प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक लावून, हातात फरशी पुसायच्या काठ्या घेऊन वल्हवायचा सराव करत होतो. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईनं हातातलं काम सोडून आम्हाला पोटभर बघून घेतलं.

साहेबांच्या पत्नी नीलाक्का. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं बोलण्यात निम्मं कानडी. पहिल्या तीन बैठकांत त्या चहा देऊन खाली जायच्या. चौथ्या बैठकीला त्यांनी ट्रे ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मी पण येणार हाय न्हवं? मग मला बी कळू द्या की काय ठरतंय ते."

साहेब म्हणाले, "नीला, शेवटी मी सगळं सांगेनच."

"शेवटी म्हंजे बुडताना का?" असं म्हणून त्या बसूनच राहिल्या. मला त्या त्या दिवसापासून आवडायला लागल्या.

पाचव्या बैठकीत मी एक प्रश्न विचारला. पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथं आहे, म्हणून नीट सांगते.

"साहेब, त्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो म्हणे. पाणी पार लांब जातं."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. अकरा वर्षं बघायचे तसंच.

"सरवदे मॅडम, ते टेक्निकल आहे. ते मी बघतो. तुम्ही आणि नीला जेवणाचं बघा."

साहेब मला कधीच वाईट बोलले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझ्या प्रत्येक टिपणीवर ते हिरव्या शाईनं 'चर्चा करावी' असं लिहायचे आणि चर्चा कधी करायचे नाहीत. मी खात्याची परीक्षा पास झाले तेव्हा त्यांनी पेढा घेतला आणि मनापासून कौतुक केलं, "छान. तुमच्या लोकांत आता शिक्षण बरंच आलं हं." पेढा माझ्याच पैशाचा होता. माझ्या आजोबांनी बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला, माझे वडील गिरणीत रात्रपाळी करून पदवीधर झाले, आणि साहेबांना ते त्या दिवशी पेढा खाताना कळलं होतं.

तर मी जेवणाचं बघितलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे. शिवाय एक गोष्ट कुणाला न सांगता बघितली. त्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर शोधलं, आमच्या तीन दिवसांच्या वेळा एका कागदावर उतरवल्या, आणि साहेबांचा आराखडा शेजारी ठेवून ताडून बघितला. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता साहेबांनी 'समुद्रात प्रस्थान' लिहिलं होतं. त्या वेळी समुद्र तिथं नसणार होता.

साहेबांनी पोलिसांची परवानगी घेतली होती, ग्रामपंचायतीची घेतली होती, वनखात्यालाही पत्र गेलं होतं. समुद्राला तेवढं विचारलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी सही केली की पाणी सुटायचं आणि सही केली की बंद व्हायचं. स्वतःच्या मर्जीनं ये-जा करणारं पाणी त्यांना माहीतच नव्हतं.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गप्प बसले. सुखानं गप्प बसले.

जेऊर

डिसेंबरात खरा सराव झाला. जेऊर स्टेशनवर उतरून जीपनं उजनीच्या फुगवट्याच्या पाण्याकडं गेलो. तिथं कयाक नव्हती. एका मच्छीमाराची पत्र्याची नाव होती. साहेब मध्ये उभे राहून सूचना देत होते. डावा हात वर, कंबर सरळ, श्वास असा. नाव डुगडुगत होती. शेवटी तो मच्छीमार म्हणाला, "सायेब, लई बोलू नगा. खाली बसा आदी."

साहेब बसले नाहीत, पडले. पाणी कमरेइतकंच होतं, पण चिखल होता. बाहेर आल्यावर त्यांनी इतिवृत्तात लिहायला सांगितलं, "पाण्यात पडल्यास काय करावे, याचे प्रात्यक्षिक झाले."

नीलाक्का काठावर बसून लांब बघत होत्या. "हितं ते गुलाबी पक्षी येतात म्हणतात न्हवं? रोहित?"

"येतात की. जरा उशिरा, फेब्रुवारी-मार्चकडं. मी बघितलेत."

"तीस वर्सं झाली, हे धरणावर नोकरी करत होते. दर वर्सी म्हणायचे, पुढच्या वर्सी दाखवतो." त्या हसल्या. तक्रार म्हणून त्यांनी ते सांगितलं नाही. पण तिकडं कच्छच्या खाडीत रोहित असतात हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मांडवीच्या पश्चिमेला, पहिला दिवस

रेल्वे आणि जीप यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मांडवीत दाबेली खाल्ली. आपल्या वडापावाची गोड स्वभावाची मावसबहीण म्हणता येईल. साहेबांनी तीत शेंगाची चटणी घालून घेतली. दाबेलीवाल्यानं ते दृश्य बघून तोंड फिरवलं.

तिथून तासभर पश्चिमेला गेल्यावर घरं संपली, झाडं संपली. बाभळीची खुरटी झुडपं, पवनचक्क्या, मिठासारखी पांढरट जमीन, आणि मग एकदम वाळू आणि पाणी. आपला कोकणचा समुद्र नारळीच्या आडून हळूच दिसतो. हा नागडा होता. किनाऱ्यावर माणूस नाही, टपरी नाही, सावली नाही. हरीशभाई म्हणून एक गृहस्थ तंबू आणि दोन कयाक भाड्यानं देणारे. त्यांनी सामान उतरवलं आणि साहेबांना हिंदीत विचारलं, "साहेब, पानी का टाइम देखा है ना?"

"मी इंजिनिअर आहे," साहेब मराठीत म्हणाले. हरीशभाईंना ते उत्तर वाटलं आणि ते तीन दिवसांनी येतो सांगून गेले.

पहिल्या रात्रीनं आम्हाला शिकवलं की वाळवंटात दव पडतं. आराखड्यात ते नव्हतं. आम्ही अभिमानानं नेलेल्या सोलापुरी चादरी पहाटे पिळण्यासारख्या झाल्या होत्या. नीलाक्कांनी त्या बाभळीवर वाळत घातल्या आणि म्हणाल्या, "आता जरा आपल्या गल्लीत आल्यासारखं वाटलं."

सात वाजता साहेब लाइफ जॅकेट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून तंबूबाहेर आले. आणि थांबले.

समुद्र जागेवर नव्हता. काल रात्री झोपताना तंबूपासून पन्नास पावलांवर होता तो आता कुठंतरी क्षितिजापाशी एक चकाकती रेघ होऊन पडला होता. मध्ये नुसता ओला, करडा, चमकणारा चिखल. त्यावर खेकडे फिरत होते.

"हे..." साहेब म्हणाले.

मिलिंद म्हणाला, "ओहोटी आहे."

"ते मला दिसतंय सरवदे सर."

खोटं सांगत नाही, मला इतका आनंद झाला की चहा घशात अडकला. अकरा वर्षांच्या हिरव्या शाईचा हिशोब समोर पसरला होता, आणि त्यावर खेकडे फिरत होते. साहेबांनी वेळापत्रक पाळायचं ठरवलं. दोन्ही कयाक ओढत पाण्यापर्यंत न्यायच्या. शंभर पावलांवर त्यांची एक चप्पल चिखलानं घेतली, ती परत दिली नाही. दोनशे पावलांवर मिलिंद खाली बसला. दुपारी पाऊणच्या सुमाराला समुद्र आपण होऊन आमच्यापर्यंत आला, तंबूपासून पन्नास पावलांवर थांबला, आणि आम्ही अर्धा तास काठाकाठानं वल्हवून घेतलं.

ते मात्र छान होतं, हेही सांगते. पाणी इतकं उथळ आणि स्वच्छ की खालची वाळू दिसत होती. मी मागे, नीलाक्का पुढं. त्यांचा हात पहिल्या दहा मिनिटांत बसला. "हे सोपं हाय की गं! गच्चीवर उगाच कंबर मोडून घेतली."

संध्याकाळी साहेबांनी आराखड्यावर दुरुस्ती केली. "आज भरती पाऊण वाजता होती. उद्या साडेबाराला निघू. खाडीत दोन तास आत, टोकाला जेवण, दोन तास बाहेर."

माझ्या पर्समध्ये कागद होता. दुसऱ्या दिवशीची भरती दीडला होती, हे त्यात होतं. आणि तिवरांच्या झाडांतून आत जाणारी ती खाडी इतकी उथळ होती, की भरती उलटल्यावर दोनेक तासांत तिच्या आतल्या भागात पाणीच राहणार नव्हतं. हे कागदात नव्हतं, पण त्या दिवशी दुपारी तीनला मी काठावरून ती रिकामी होताना बघितली होती. साहेब तेव्हा पाय शेकत होते.

मी बोलले नाही. मनात माझाही एक आराखडा तयार होता. साहेबांची कयाक पुढं असणार. आम्ही दोघींनी मागे रेंगाळायचं आणि वेळेत वळायचं. साहेब आत जाऊन रुततील. मिलिंद रुतेल, पण त्यानं मला न विचारता हो म्हटलं होतं.

दुसरा दिवस, खाडी

जेवणाची पिशवी साहेबांच्या कयाकमध्ये होती. चौघांचे मोबाइल एकाच जलरोधक पिशवीत, तेही त्यांच्याच कयाकमध्ये. 'साधनसामग्रीचं केंद्रीकरण' असं आराखड्यात लिहिलेलं होतं.

खाडीत शिरल्यावर वारा थांबला. दोन्ही बाजूंना तिवरांची बुटकी, हिरवी झाडं, मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. वल्ह्याचा आवाज सोडला तर आवाज नाही. पाऊण-एक तास गेलो असू. तेवढ्यात समोरून साहेबांची कयाक उलट येताना दिसली. साहेब पुढं वाकून बसले होते आणि मिलिंद एकटाच वल्हवत होता.

"काय झालं?"

"पाठीत लचक भरली," मिलिंद म्हणाला. "आम्ही परत निघालो."

साहेब मान न वळवता म्हणाले, "तुम्ही या सावकाश. दोन तास आत म्हटलंय, तुमचा वेळ आहे अजून."

माझा पहिला विचार काय होता ते लिहायला लाज वाटते. हा माणूस सुटला, असं माझ्या मनात आलं. इतक्या तयारीनं लावलेल्या सापळ्यातून, पाठीच्या लचकीवर. त्या रागात जेवणाच्या पिशवीचं मला सुचलं नाही.

"आपण पण वळूया का अक्का?" मी विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं. वळणापलीकडं, तिवरांच्या शेंड्यांवर, काहीतरी गुलाबी हललं.

"वंदे, ते बघ. थोडंच. तीस वर्सं झाली गं."

मी त्या वेळी सांगायला हवं होतं की पाणी जाणार आहे. पण मग 'तुला कसं ठाऊक' हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. मी वल्हं मारलं.

रोहित दोनशे तरी असतील. उथळ पाण्यात एका पायावर उभे, माना पाण्यात बुडवलेल्या, मध्येच एखादा पंख उघडे तेव्हा आतला लाल-काळा रंग झळकायचा. नीलाक्का वल्हं मांडीवर ठेवून बघत बसल्या. मग कानडीत स्वतःशी काहीतरी म्हणाल्या. मी त्यांना हलवलं नाही. वेळेचं भान मलाही राहिलं नाही.

परत वळलो तेव्हा कयाक खालून घासली. दहा वल्ह्यांनंतर परत घासली. मग बसली ती बसलीच. दोन्ही बाजूंनी चिखल वर येत होता, म्हणजे पाणी खाली जात होतं, आणि बघता बघता आमच्या भोवती वीतभर पाण्याची एक नाली उरली.

"मी उतरून ढकलते," म्हणत नीलाक्कांनी पाय बाहेर टाकला. तो मांडीपर्यंत आत गेला. दुसरा पाय टाकून उचलायला गेल्या, तर तोही गेला.

"वंदे, सुटंना गं! ओढायला लागलंय आत!"

मी पुढं सरपटले, त्यांच्या काखेत हात घातले. त्या जितक्या धडपडत तितक्या खाली जात. "हलू नका अक्का. छाती होडीवर टाका. झोपा, आडव्या झोपा!" त्या आडव्या झाल्या. एक पाय निघाला, मग कितीतरी वेळानं दुसरा. आम्ही दोघी होडीत एकमेकींवर पडलो, कानापर्यंत चिखल. दोघी हसलो. मग त्यांचं हसणं थांबलं.

त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हात थरथरत होते. आधी वाटलं भीतीनं.

"शुगरची गोळी घेतली होती बाराला," त्या म्हणाल्या. "जेवायचं होतं न्हवं अडीच-तीनला."

जेवण किनाऱ्यावर पोचलेलं होतं. मी खिसे चाचपले. पर्समध्ये रुमाल, चष्मा आणि तो कागद. एक साधी खडीसाखर नाही. मोठ्यानं हाका मारल्या, शिट्टी साहेबांच्या गळ्यात होती. रोहित उडाले, तेवढाच परिणाम झाला.

नीलाक्कांचे ओठ पांढरे पडायला लागले. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "माज्यामुळंच झालं बघ. तू वळूया म्हणत होतीस. मीच पुढं चल म्हटलं. तुला बी अडकवलं मी."

ते ऐकवलं नाही मला. मी कागद काढला आणि सगळं सांगितलं. पाचवी बैठक, वेळापत्रक, काल तीनला रिकामी झालेली खाडी. साहेबांना रुतवायचं होतं, हेही सांगितलं. कागद त्यांच्यासमोर धरून सांगितलं, जणू सही घ्यायची होती.

त्यांनी कागद हातानं बाजूला सारला. मग म्हणाल्या, "त्यांना सांगितलं न्हाईस, ते मी समजते. अकरा वर्सं तू हापिसात काढलीस, मी चाळीस घरात काढली. पण मला का न्हाई सांगितलंस?"

त्यांच्याबरोबर मी जेवलेले होते, एका तंबूत झोपलेले होते, आणि डोक्यात त्यांना मी साहेबांच्या सामानात धरलं होतं.

त्यांनी हात सोडवून घेतला आणि डोळे मिटले. मी त्यांचं नाव घेत राहिले. त्या हूं म्हणत होत्या, दर वेळी जरा उशिरा.

साडेचारच्या सुमाराला झाडांच्या मागून मान वर काढून एका उंटानं आमच्याकडं बघितलं. मग दुसऱ्यानं. त्या भागात तिवरं खाणारे, खाडी पोहून जाणारे उंट असतात. त्यांना खाराई म्हणतात. वाचलेलं होतं, पण चिखलातून तो प्राणी शांतपणे पाला चावत आमच्याकडं येताना बघितला तेव्हा मी रडायला लागले. मागून काळी लुंगी आणि दाढीवाला माणूस आला, मुळांवर पाय ठेवत, अंगणातून यावा तसा.

"बीमार है! शुगर है!" मी ओरडले. "मीठा कुछ है?"

त्यानं एक प्रश्न विचारला नाही. एका सांडणीला थांबवलं, एका पायावर उभं राहून दुसऱ्या गुडघ्यावर भांडं टेकवून दूध काढलं, कमरेच्या फडक्यातून गुळाचा खडा काढून त्यात चुरला आणि भांडं माझ्या हातात दिलं. फेस गरम होता. मी नीलाक्कांच्या तोंडाला लावलं. पहिला घोट सांडला, दुसरा गेला. अख्खं भांडं संपायला वेळ लागला. मग हळूहळू त्यांचा हात थरथरायचा थांबला. डोळे उघडल्यावर त्यांनी आधी उंट बघितला.

नीलाक्कांचं बालपण मुसलमान शेजारात गेलेलं. त्या आपल्या सोलापुरी दखनीत म्हणाल्या, "भाई, बडी मेहरबानी तुमारी. पानी ऐसा जाताय करके हमना मालूम नै था."

तो माणूस खरोखरच चकित झाला. "पानी तो रोज जाता है, बहन. किसी ने बोला नहीं?"

नीलाक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. "नै बोले," एवढंच म्हणाल्या.

त्यानं कयाकच्या टोकाला दोर बांधला, दुसरं टोक उंटाच्या खोगिराला, आणि आम्ही चिखलावरून घसरत निघालो. होडीत दोघी पाय लांब करून बसलेल्या, वल्ही मांडीवर, पुढं उंट. अशा पद्धतीनं समुद्रपर्यटन केलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या आम्ही बहुधा पहिल्याच.

किनाऱ्यावर साहेब उभे होते. मिलिंद गावाकडं मदत आणायला पळाला होता. आम्हाला बघून साहेबांच्या तोंडून पहिलं वाक्य काय यावं? "मी सांगितलं होतं, दोन तास म्हणजे दोनच तास!" मग त्यांनी बायकोचा चेहरा बघितला आणि ते वाळूत खाली बसले. त्यांची बोटं शिट्टीशी चाळा करत होती आणि थांबत नव्हती. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, त्यांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं तशी मजा आली नाही.

उंटवाल्याला साहेब काहीतरी द्यायला गेले. त्यानं हात जोडून नको म्हटलं. आमच्याबरोबर चहा बशीत ओतून प्यायला, कडक भाकरी दातांनी वाजवून बघितली, चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी संपवली आणि उंटांमागं गेला. मी नाव विचारायला विसरले.

मिलिंद गावातल्या दोन माणसांना घेऊन परत आला. मग मी सगळ्यांसमोर कागद साहेबांना दिला आणि जे नीलाक्कांना सांगितलं तेच परत सांगितलं. मिलिंदनं मान खाली घातली. साहेबांनी कागद वरून खाली वाचला, पाठीमागं काही आहे का ते बघितलं.

"हे तुमच्याकडं पहिल्यापासून होतं?"

"हो."

"मग चर्चा का केली नाही?"

आपण काय बोललो हे साहेबांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं मात्र. त्यांनी कागदाची घडी घातली आणि तंबूत गेले.

तिसरा दिवस

नीलाक्का माझ्याशी बोलत नव्हत्या. चहा दिला, घेतला. चादर झटकायला टोक धरलं, झटकून झाल्यावर सोडलं. साहेब नऊ वाजता माझ्यापाशी आले. हातात आराखडा, खिशाला पेन.

"सरवदे मॅडम, आज निघायचं म्हटलं तर किती वाजता निघावं?"

"साडेबारा. भरती दोन वीसला आहे."

त्यांनी लिहून घेतलं. मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, 'प्रस्थान साडेबारा. ठरल्याप्रमाणे.' कुणाच्या ठरल्याप्रमाणे, ते नव्हतं. पाठ दुखत असल्यानं ते स्वतः येणार नव्हते.

साडेबाराला मी कयाक पाण्यात ढकलली आणि एकटीच उभी राहिले. मिलिंद येतो म्हणाला होता, पण मी त्याला थांब म्हटलं. पाचएक मिनिटं गेली. मग नीलाक्का तंबूतून बाहेर आल्या, लाइफ जॅकेट बांधलेलं, पदर खोचलेला, खांद्याला जेवणाची पिशवी. पाण्यातून चालत आल्या, पुढच्या जागेवर बसल्या, पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली. मी मागे बसले. त्यांनी वल्हं उचललं, पण पाण्यात घातलं नाही.

"परत कधी यायचं?" समोर बघतच त्यांनी विचारलं.

"तीनच्या आत," मी म्हणाले.

"हळू न्हाई. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

मी किनाऱ्याकडं वळले. साहेब खुर्चीत बसले होते, मिलिंद त्यांच्या शेजारी. वारा समोरून होता, त्यामुळं ओरडावं लागलं.

"तीनच्या आत!"

साहेबांनी हात वर करून ऐकलं असं दाखवलं. नीलाक्कांनी वल्हं पाण्यात घातलं.